विसर्जनाच्या रात्री वडापाव कितीला?

पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि कुमठेकर रस्ता यांच्या मधल्या एका बोळात नाश्त्याचं एक छोटं हॉटेल आहे. पाच टेबलं, एक मोठी कढई, चहाची एक शेगडी आणि भिंतीवर खडूने दर लिहायचा काळा फळा. त्याचं नाव मी देत नाही. या गोष्टीत ज्यांच्या हातून चूक झाली ती माणसं भली आहेत आणि आजही रोज पहाटे पाचला शटर वर करतात. गेली बारा वर्षं मी त्यांचा हिशोब लिहितो. मालकांना काका म्हणतो, त्यांच्या पत्नीला काकू. मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, पण गणपतीचे दहा दिवस गल्ल्यावर तोच असतो.

सणाच्या गर्दीत दर वाढवावेत की नाही, या प्रश्नाला या हॉटेलाने लागोपाठ तीन वर्षं तीन वेगवेगळी उत्तरं दिली. तिन्ही वर्षांचे आकडे माझ्या वहीत आहेत. पेठेतल्या बहुतेक दुकानदारांना हा प्रश्न दर भाद्रपदात पडतो आणि बहुतेकांचं उत्तर ऐन गर्दीत, शेजारच्याने काय केलं ते बघून ठरतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी जागा समजून घ्यावी लागेल. अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते. पुढे मानाचा पहिला कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौक, म्हणजे सगळे ज्याला अलका चौक म्हणतात तिथपर्यंत. मानाचे पाच गणपती गेले तरी मागे मंडळांची रांग असते आणि सगळं संपायला चोवीस तासांपेक्षा जास्त लागतात. आसपासचे रस्ते वाहनांना बंद होतात. बोळातल्या हॉटेलासाठी याचा अर्थ असा, की गिऱ्हाईक कितीतरी पटींनी वाढतं, पण सकाळनंतर बाहेरून काहीही आत येत नाही. सिलिंडर, दूध, पावाच्या लाद्या, बटाट्याची पोती, जे काय लागणार ते आदल्या रात्रीच आत येऊन पडलेलं असावं लागतं. आणि जी माणसं कामाला आली ती दुसऱ्या दिवसापर्यंत घरी जाऊ शकत नाहीत.

एरवी या हॉटेलाचा दिवसाचा गल्ला १३ ते १४ हजार. वडापाव २० रुपये, चहा १० रुपये. तिन्ही वर्षं हे दोन दर तेच होते.

२०२३

त्या वर्षी विसर्जन २८ सप्टेंबरला, गुरुवारी होतं. दर वाढवायचे असं आधी काही ठरलेलं नव्हतं. दुपारी चारच्या सुमारास बोळात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा काकांनी मुलाला सांगितलं, "वडापाव चाळीस कर, चहा वीस." बाटलीबंद पाण्यावर २० रुपये छापील किंमत होती, ती बाटली ३० ला द्यायची ठरली. फळा बदलायला कुणाला सवड नव्हती. तो तसाच राहिला.

मी रात्री नऊनंतर तिथे पोहोचलो होतो. अकराच्या आसपास सर आले. सर म्हणजे जवळच्याच वाड्यात राहणारे निवृत्त शिक्षक. रोज सकाळी सातला पाच-सहा मित्रांबरोबर कोपऱ्यातल्या टेबलावर चहा घेणारे. काकांचा मुलगा शाळेत असताना त्याची गणिताची उजळणी त्याच टेबलावर त्यांनी घेतली होती. बरोबर सात-आठ वर्षांची नात होती, कपाळावर गुलाल, हातात पिपाणी. त्यांनी दोन वडापाव आणि एक चहा घेतला. गल्ल्याजवळ त्या दिवसापुरता ठेवलेला एक पोरगा होता. तो म्हणाला, "शंभर झाले."

सरांनी मान वर करून फळा वाचला. मग हळूच म्हणाले, "वीस लिहिलंय."

"आज विसर्जन आहे, आजोबा."

काका चार हातांवर, कढईपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं, हे मी पाहिलं. त्यांनी झारा तेलात बुडवला आणि वर बघितलंच नाही. सरांनी शंभराची नोट ठेवली, नातीचं बोट धरलं आणि गर्दीत शिरले. भांडण नाही, आवाज नाही. नंतर रात्री एकला एका ढोल पथकातल्या मुलांशी पाण्याच्या बाटलीवरून चांगली खडाजंगी झाली. कुणी मोबाइल काढून बाटलीवरची छापील किंमत आणि काकांचा चेहरा एकत्र टिपला. काका "कूलिंगचे दहा रुपये" म्हणत राहिले. ते भांडण चार दिवसांत विरलं. सरांचं ते दोन शब्दांचं वाक्य मात्र घरात खूप दिवस राहिलं.

गल्ला त्या दिवशी ९२ हजारांचा झाला. हा आकडा पुढच्या दोन्ही वर्षांपेक्षा मोठा आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. दर वाढवल्याने नुकसानच होतं, असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या रात्रीचा हिशोब तसं सांगत नाही. वडापाव ११०० च्या आसपास गेले, म्हणजे कच्चा मालही कमी लागला. त्या रात्रीपुरतं बघायचं तर दामदुप्पट दराने भरपूर कमाई झाली.

फरक दिसला तो ऑक्टोबरपासून. सकाळी सहा ते नऊ या वेळेचा गल्ला सरासरी ४८०० असायचा, तो ३९०० वर आला. सर यायचे बंद झाले आणि त्यांच्यामागे ते सगळं टेबलच उठलं. तो गल्ला पुन्हा जागेवर यायला गुढीपाडवा उजाडला. दिवसाला ९०० म्हणजे महिन्याला २७ हजारांच्या आसपास विक्री गेली. त्यात नफा तिसरा हिस्सा धरला, तरी सहा महिन्यांत ५० हजारांच्या पुढे रक्कम जाते. त्याच सुमारास कोपऱ्यावर एक नवं अमृततुल्य सुरू झालं होतं, त्यामुळे सगळी तूट त्या एका रात्रीच्या माथी मारता येणार नाही. पण सर त्या अमृततुल्यातही जात नव्हते. ते घरीच चहा घ्यायला लागले होते.

कायदा काय म्हणतो

पाण्याच्या बाटलीचा प्रश्न सरळ आहे. पाकिटावर किंवा बाटलीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. २००९ चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम हेच सांगतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटांना यातून मोकळीक दिली ती अशा कारणाने, की तिथे ग्राहक फक्त बाटली विकत घेत नाही, बसण्याची जागा, वाढप अशी सेवाही घेतो. काकांचा मुलगा हाच निकाल मोबाइलवर दाखवत होता. पण बोळात उभ्या असलेल्या, घामाने निथळणाऱ्या मुलाच्या हातात काउंटरवरून बाटली टेकवली तर त्यात सेवा कुठली? माझ्या मते त्या निकालाचा आडोसा घेणं चूक होतं, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

वडापावचं तसं नाही. हॉटेलात शिजवलेल्या पदार्थाचा दर सरकार ठरवत नाही. काकांनी तो ४० केला, १०० केला, तरी दर ठरवण्याचा हक्क त्यांचाच. चूक फळ्याची होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची जी कारणं दिली आहेत, त्यात दुकानाने लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त पैसे घेणं हेही एक आहे. सर भिंतीवरचा आकडा वाचत होते तेव्हा कायदा त्यांच्या बाजूला होता, आणि त्यांनी तो वापरला नाही.

२०२४

पुढच्या वर्षी काकांनी दुसरं टोक गाठलं. "एक पैसा वाढवायचा नाही." फळ्यावर खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नेहमीचेच दर.' विसर्जन १७ सप्टेंबरला, मंगळवारी होतं. लोक खूश. गल्ला ६१ हजार.

बाहेरून बघणाऱ्याला हे वर्ष सगळ्यांत चांगलं वाटेल. मला ते तिन्हींत वाईट वाटतं. मजुरीला जादा पैसे काढायचे कुठून, म्हणून माणसं वाढवली नाहीत. सहा जण नेहमीचे, काका आणि काकू. सगळा मेनू चालू होता. पोहे, उपमा, मिसळ, भजी, साबुदाणा खिचडी, वडापाव. मंगळवारी सकाळी सातपासून बुधवारी सकाळी नऊपर्यंत तीच आठ माणसं उभी होती. पहाटे चारला भज्यांचा घाणा काढताना एका मुलाला डुलकी लागली, झारा निसटला आणि उकळतं तेल मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. रस्ते बंद, गर्दी तशीच. त्याला खांद्याला धरून चालवत दवाखान्यात न्यावं लागलं. दवाखान्याचा खर्च काकांनी केला, पुढचे तीन आठवडे बसून पगारही दिला. पण बाकीच्यांना त्या २६ तासांच्या कामाबद्दल ३०० रुपये बक्षीस मिळालं. दसऱ्याला दोन मुलं गावी गेली, ती परत आली नाहीत.

गिऱ्हाइकाला वीस रुपयांत वडापाव मिळाला. त्याचे उरलेले पैसे त्या मुलांनी भरले. दर न वाढवणाऱ्या दुकानदाराचं कौतुक होतं तेव्हा मला आता ती कढई आठवते. त्या रात्रीचं काम एरवीपेक्षा महाग असतं, ही खरी गोष्ट आहे. ती किंमत फळ्यावर आली नाही, तर कुणाच्या तरी अंगावर येतेच.

घरातला वाद

२०२५ च्या आषाढात, पालख्या पुण्यातून पुढे गेल्यावर, काकांच्या घरी बैठक झाली. काका, काकू, मुलगा आणि मी. मुलाचं म्हणणं असं होतं, की मागणी वाढली की किंमत वाढणारच, विमानात वाढते, टॅक्सीत वाढते, आपणच का लाजायचं? वाढलेल्या दराने रांग लहान होते आणि ज्याला खरंच हवंय त्याला मिळतं.

त्याचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. टॅक्सीचं भाडं वाढलं की घरी बसलेला चालक गाडी काढतो, रस्त्यावर गाड्या वाढतात. दर वाढवण्याच्या बाजूचं सगळ्यांत भक्कम कारण हेच आहे. पण आमच्या बोळात, बॅरिकेड लागल्यावर, वडापाव ४० चा झाला म्हणून दुसरी कढई येऊ शकत नाही. दर दुप्पट करून एकही वडा जास्त तळला जात नाही. आणि ज्याला 'खरंच हवंय' तो म्हणजे कोण? नातीला भूक लागली म्हणून आलेला आजोबा, साखर कमी झाल्यासारखी वाटणारी मावशी, सकाळपासून बंदोबस्तावर उभा असलेला पोलीस. यांची गरज मोठी असते, खिसा मोठा असेलच असं नाही.

मी त्याला एक जुना अभ्यास सांगितला. तो १९८६ मध्ये छापून आला. डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तीन संशोधकांनी कॅनडात लोकांना विचारलं होतं. हिमवादळानंतरच्या सकाळी दुकानदाराने बर्फ उपसायचं १५ डॉलरचं फावडं २० डॉलरला केलं, हे कसं वाटतं? शंभरातल्या ८२ जणांना ते अन्यायाचं वाटलं. त्याच अभ्यासात दुसरा प्रश्न होता. घाऊक बाजारात भाजीचा भाव चढला म्हणून किराणा दुकानदारानेही तेवढाच भाव वाढवला तर? ७९ टक्के लोक म्हणाले, ठीक आहे. दुकानदाराचा खर्च वाढला तर लोक समजून घेतात, आपली अडचण बघून दर वाढवला तर घेत नाहीत. आपल्याकडेही तेच दिसतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडू कितीही चढला तरी लोक कुरकुरत का होईना घेतात, कारण मार्केट यार्डातच तो महाग झालाय हे सगळ्यांना माहीत असतं. फूलवाल्यावर कुणी डूख धरत नाही.

मुलगा म्हणाला, "मग सरकार काय करतं? एसटीसुद्धा दिवाळीत भाडं वाढवते."

बरोबर आहे. एसटीने दिवाळीला दहा टक्के हंगामी भाडेवाढ केल्याची वर्षं आहेत. खासगी बसवाल्यांना २०१८ पासून एसटीच्या दीडपटीपर्यंतच भाडं घ्यायची मर्यादा आहे, ती सणात कितपत पाळली जाते ते गावी जाणाऱ्यांना विचारावं. पुण्यात रात्री बारानंतर रिक्षाही मीटरपेक्षा पावपट जास्त घेते. पण या तिन्ही गोष्टी आधी जाहीर असतात आणि त्यांना वरची हद्द असते. बसायच्या आधी माणसाला भाडं कळतं. सरांना खाऊन झाल्यावर कळलं होतं.

काका एवढा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पालखीला आपण कधी वाढवले का रे? तेव्हाही गर्दीच असते." ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा शहरात लाखो वारकरी असतात. पेठांमध्ये त्या दिवसांत घराघरातून जेवण, चहा, पाय चेपून देणं चालतं. त्यांच्याकडून पाच रुपये जास्त घ्यावेत हे काकांच्या मनातही येणार नाही. उलट सवाई गंधर्व महोत्सवात खाण्याच्या स्टॉलवर बाहेरच्यापेक्षा जास्त मोजताना रसिकांना काही वाटत नाही. गर्दी दोन्हीकडे आहे. पण कोण आलंय, कशासाठी आलंय, त्याच्यापुढे दुसरा पर्याय आहे का आणि आपलं त्याच्याशी नातं काय, हे वेगळं आहे. विसर्जन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. ती मिरवणूक आपल्या घरचीही असते आणि त्यात बाहेरगावचा पर्यटकही असतो. म्हणूनच तिथे गोंधळ होतो.

प्रश्न सुटला तो काकूंमुळे. त्या म्हणाल्या, "दराचं नंतर बघा. आधी भजी बंद करा. एका कढईत दोन संसार नकोत."

कढईचा हिशोब

काकूंच्या त्या वाक्यावर आम्ही बसून आकडे मांडले, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात कुठल्याही हॉटेलवाल्याला उपयोगी पडेल असा भाग हाच आहे.

त्या कढईत एका घाण्याला ४० वडे बसतात. सोडणं, तळणं, काढणं, तेल पुन्हा तापणं धरून साडेसात मिनिटं. म्हणजे तासाला आठ घाणे. चाळीस वडे २० रुपयांनी विकले की घाण्याचे ८०० रुपये होतात. कांदाभजीच्या घाण्यालाही तेवढाच वेळ लागतो, पण त्यात दहा प्लेटी निघतात. ४० रुपये प्लेट धरली तर ४०० रुपये. आधीच्या वर्षी अर्धे घाणे भज्यांचे होते, म्हणजे तासाला ४८०० रुपयांचा माल निघत होता. भजी बंद करून फक्त वडे तळले, तर त्याच २० रुपये दराने ६४०० रुपयांचा निघतो. एक रुपयाही न वाढवता तासाची विक्री तिसऱ्या हिश्श्याने वाढते, आणि तासाला १६० वडे आणि ४० प्लेट भजी यांच्याऐवजी ३२० वडे लोकांच्या हातात पडतात.

मिसळीचंही तसंच. मिसळ खायला माणूस टेबलावर वीस मिनिटं बसतो, तेवढ्यात त्या जागेवरून वीस पार्सलं जातात. त्या दिवशी मिसळही बंद ठेवायची ठरली. पोहे, उपमाही. राहिली तीन नावं. वडापाव, साबुदाणा खिचडी आणि चहा. खिचडी ठेवायची कारण चतुर्दशीचा उपास करणारे असतात, आणि ती मोठ्या पातेल्यात होते, कढई अडवत नाही.

त्यानंतर दराचं बोलणं सोपं झालं. मी त्या दिवसाचा फक्त जादा खर्च वेगळ्या पानावर काढला. सहा जणांना दुप्पट हजेरी म्हणजे जादाचे ४२०० रुपये. केटररकडून तीन माणसं, प्रत्येकी ९०० ची हजेरी आणि दोन पाळ्या, ५४०० रुपये. आदल्या रात्री पाव आणि बटाटा आणायला टेम्पो १५००. कागदी डिश आणि कप ३४००. कचरा भरून न्यायला १०००. एकूण १५,५००. सगळ्यांना आळीपाळीने झोप मिळावी म्हणून वरच्या माळ्यावर सतरंज्या टाकायच्या, आणि रात्री दोननंतर कढईवर कुणीही सलग दोन तासांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही, हेही त्याच पानावर लिहिलं.

हा खर्च वडापाव आणि खिचडीवर वाटायचा. वडापाव २५, खिचडी ५० ची ६०. मुलाला ३० हवे होते. काका २५ वर थांबले आणि सुट्ट्याचा विचार करता तेच बरं होतं. मिरवणुकीत लाखो मोबाइल एका जागी आले की नेटवर्क बसतं, स्कॅन करून पैसे जायला पाच-पाच मिनिटं लागतात. दोन वडापाव पन्नास रुपये म्हटलं की एका नोटेत काम होतं. चहाचा दर हलवायचा नाही, यावर काका अडून बसले. पाणी छापील किमतीला. शिवाय दारात माठ, ज्याला बाटली नको त्याने तांब्याने प्यावं.

२०२५

विसर्जन ६ सप्टेंबरला, शनिवारी होतं. फळा गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीच लागला, म्हणजे नऊ दिवस आधी. त्यावर काकूंच्या अक्षरात असं होतं:

'शनिवार ६ तारीख सकाळी ८ ते रविवार ७ तारीख दुपारी १२: वडापाव २५, खिचडी ६०, चहा नेहमीप्रमाणे १०. बाकी पदार्थ बंद. जादा पैसे रात्रपाळीच्या मजुरीचे. पाणी छापील दराने. माठातलं मोफत.'

'जादा पैसे रात्रपाळीच्या मजुरीचे' ही ओळ घालू की नको यावर वाद झाला होता. मुलाला ती गयावया केल्यासारखी वाटत होती. मला ती फळ्यावरची सगळ्यांत महत्त्वाची ओळ वाटते. ती लिहिली की मजुरी द्यावीच लागते. लोकांनी वाचलेलं असतं, आणि कढईवरच्या मुलांनीही वाचलेलं असतं.

शेजारच्या दोन मंडळांची आणि एका ढोल पथकाची मिळून ४०० वड्यांची मागणी फळा बघूनच आदल्या आठवड्यात आली. त्यांनी आगाऊ पैसे दिले म्हणून त्यांना जुना, २० चा दर द्यावा का, हा प्रश्न आला. काकांनी नाही म्हटलं. मला ते पटलं नाही. आगाऊ मागणी असली की बटाटा किती उकडायचा ते कळतं, माल वाया जात नाही, त्याची सवलत द्यायला हवी होती. यावर आमचं अजून एकमत नाही.

त्या दिवशी १९०० वडापाव गेले, ३३० खिचड्या, १२५० चहा आणि २१० पाण्याच्या बाटल्या. गल्ला ८४ हजार. वाढीव दरातून वडापावचे ९५०० आणि खिचडीचे ३३०० असे १२,८०० आले. जादा खर्च १५,५०० होता. म्हणजे वाढवलेल्या दराने तो पूर्ण भरून निघाला नाही, उरलेला जास्तीच्या विक्रीतून निघाला. २०२३ च्या मानाने ८ हजार रुपये गल्ला कमी, आणि माल जास्त लागल्याने हातात राहिलेली रक्कम त्याहून बरीच कमी. काकांचा मुलगा हे मला अजूनही ऐकवतो, आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. मी त्याला २०२३ च्या ऑक्टोबरचं पान दाखवतो.

रात्रभरात दरावरून एकदाही भांडण झालं नाही. एक जण "पाच रुपये कशाचे?" म्हणाला, त्याला रांगेतल्याच दुसऱ्याने फळा दाखवला. कढईवर कुणाला भाजलं नाही. एक चूक मात्र झाली. पहाटे साडेतीनला पाव संपले आणि सकाळी आठपर्यंत नुसता वडा द्यावा लागला. तेव्हा दर किती घ्यायचा हे फळ्यावर नव्हतं. गल्ल्यावरच्या मुलाने आपल्या मनाने २० घेतले. पुढच्या वर्षी ती ओळ लिहावी लागेल.

सरांबद्दल लिहायचं राहिलं. ते कोपऱ्यातल्या टेबलावर २०२४ च्या पाडव्यानंतर पुन्हा यायला लागले होते. पण पूर्वी चहा संपल्यावर अर्धा तास बसायचे, आता कप ठेवून उठतात. २०२५ च्या गणपतीत, फळा लागला त्या सकाळी, त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. 'छापील' मधला 'छा' काकूंनी काना न देता लिहिला होता, तो खडू मागून घेऊन नीट केला आणि गेले. काका त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी फारसं बोलले नाहीत.

रविवारी सकाळी महापालिकेचे सफाई कामगार रस्त्यावर उतरले. लक्ष्मी रस्त्यावर तुटलेल्या चपलांचे ढीग पडले होते, गुलाल आणि कागद पायाखाली चिकटत होता. काकांनी त्यांना आणि चौकातल्या पोलिसांना चहा पाठवला. त्याचे पैसे कधीच घेत नाहीत, तेव्हाही घेतले नाहीत.

बारा वाजले तेव्हा मिरवणूक चालूच होती. ढोलाचा आवाज बोळापर्यंत येत होता आणि काउंटरपुढे तीस-चाळीस माणसं उभी होती. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून गर्दी आहे, दोन तास राहू दे." काकांनी स्टूल ओढलं, वर चढून ओल्या फडक्याने २५ पुसला आणि २० लिहिला. रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्या मुलीने पन्नासची नोट दिली होती. तिला दोन वडापाव आणि दहाचं नाणं मिळालं. ती नाण्याकडे बघत राहिली, तेव्हा काका स्टुलावरूनच म्हणाले, "बारा वाजले ना बाळ, वाच की वर."